थांबलेल्या इंजिनाचा दिवा

रेल्वेच्या लहान प्रतिकृती रुळांवर चालवण्याच्या छंदाला शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. त्यातील बराच काळ एक उणीव छांदिष्टांना खटकत राहिली. छोट्या इंजिनाच्या कपाळावर दिवा असे, तो लागतही असे. पण गाडी स्थानकात येऊन थांबली की तो विझत असे. खऱ्या रेल्वेत असे घडत नाही. उलट, रात्री रुळावर उभ्या असलेल्या इंजिनाचे अस्तित्व त्याच्या दिव्यावरूनच कळते. ही उणीव दूर व्हायला विसाव्या शतकाचा बहुतेक काळ जावा लागला. ती दूर करणारे तंत्रज्ञानही खेळण्यांच्या कारखान्यात नव्हे, तर अर्धवाहकांच्या प्रयोगशाळांत जन्माला आले.

अडचण कुठे होती? सर्वाधिक प्रचलित प्रतिकृती खऱ्या गाडीच्या १:८७ या प्रमाणात असतात. त्यांच्या दोन रुळांमधले अंतर अवघे १६.५ मिलिमीटर. हे दोन रूळ म्हणजेच विजेच्या दोन तारा. रुळांवरचा एकदिश विद्युत्‌दाब शून्यापासून १२ व्होल्टपर्यंत वाढवला की मोटरचा वेग वाढतो. धन आणि ऋण टोकांची अदलाबदल केली की गाडी उलट दिशेला धावते. रचना अत्यंत सुटसुटीत आहे, पण तिची एक किंमत आहे. मोटरला वेग किती हवा हे सांगणारी वीज आणि दिव्याला मिळणारी वीज एकच. वेग शून्य म्हणजे दाब शून्य, आणि दाब शून्य म्हणजे अंधार.

खऱ्या रेल्वेलाही हा प्रश्न एकदा पडला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रवासी डब्यांत विजेचे दिवे आले, तेव्हा डब्याच्या आसाला पट्ट्याने जोडलेला डायनामो त्यांना वीज पुरवत असे. गाडी थांबली की डायनामोही थांबे, म्हणून डब्याखाली बॅटऱ्या बसवाव्या लागल्या. आसावर चालणारा अल्टरनेटर आणि सोबत ११० व्होल्टचा बॅटरीसंच ही भारतीय रेल्वेच्या पारंपरिक डब्यांतील व्यवस्था त्याच परंपरेतली. वाफेच्या इंजिनाने वेगळा मार्ग काढला. बाष्पकातल्या वाफेवर चालणारे छोटे टर्बाइन-जनित्र त्याच्या दिव्याला वीज देई. चाके फिरोत वा न फिरोत, दिवा जळत राही. प्रतिकृतीत मात्र ना बाष्पक होता, ना बॅटरीला पुरेशी जागा.

सुरुवातीच्या विद्युत् खेळण्यांत प्रश्न आणखी बिकट होता, कारण दिवा तप्त तंतूचा होता. गव्हाच्या दाण्याएवढे बल्ब प्रतिकृतींसाठी मिळू लागले खरे, पण तप्त तंतूचा प्रकाश दाबाच्या सम प्रमाणात बदलत नाही. तो साधारणपणे दाबाच्या ३.४ व्या घातानुसार बदलतो. दाब निम्मा केला तर प्रकाश निम्मा न राहता जवळजवळ एक दशांश उरतो. त्यामुळे हळू चालणाऱ्या गाडीचा दिवा तांबूस आणि केविलवाणा दिसे, तर पूर्ण वेगातल्या गाडीचा डोळे दिपवी. भरीस भर म्हणजे बल्बच्या उष्णतेने प्लॅस्टिकचे कवच मऊ पडण्याची भीती.

पहिला आधार दिला तो सिलिकॉन डायोडने. डायोडमधून प्रवाह वाहू लागला की त्याच्या दोन टोकांमधला दाब सुमारे ०.७ व्होल्ट होतो, आणि प्रवाह कमी-जास्त झाला तरी तो फारसा बदलत नाही. हा गुणधर्म छांदिष्टांनी हेरला. मोटरच्या वाटेत दोन डायोड एकामागे एक जोडायचे आणि त्यांच्या टोकांवर १.५ व्होल्टचा छोटा बल्ब लावायचा. मोटर कितीही प्रवाह घेवो, बल्बला सुमारे १.४ व्होल्टच मिळतात. मोटर फिरण्याइतका दाब येण्यापूर्वीच बल्ब उजळू लागतो. म्हणजे नियंत्रक अगदी थोडा फिरवून ठेवला तर उभ्या इंजिनाचा दिवा लागलेला राहू शकतो. शिवाय डायोड एकाच दिशेने प्रवाह जाऊ देतो. उलट दिशेने दुसरी जोडी लावली की पुढे जाताना पुढचा दिवा आणि मागे येताना मागचा, अशी निवडही आपोआप होते.

दुसरी युक्ती वारंवारतेची. रुळांवरच्या एकदिश दाबावर उच्च वारंवारतेचा प्रत्यावर्ती दाब चढवायचा. मोटरच्या वेटोळ्यांचे प्रवर्तकत्व त्याला अडवते, म्हणून मोटर हलत नाही. दिव्याला जोडलेले संधारित्र त्याला वाट देते, म्हणून दिवा लागतो. त्याच दोन रुळांवर चालना आणि प्रकाश यांची फारकत होऊ शकते, हे या युक्तीने दाखवून दिले.

दिवा मात्र अजून तप्त तंतूचाच होता. त्याची जागा घेणाऱ्या प्रकाशाची कहाणी कितीतरी आधी सुरू झाली होती. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी विद्युत्‌चुंबकीय लहरी ओळखण्यासाठी गॅलिना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाचा उपयोग केला. त्या शोधकाचे अमेरिकी पेटंट १९०४ मध्ये मंजूर झाले. अर्धवाहक उपकरणांच्या आद्य पेटंटांमध्ये त्याची गणना होते. अशाच कामासाठी कार्बोरंडमचे स्फटिक तपासत असताना इंग्लंडच्या हेन्री राउंड यांना १९०७ मध्ये एक नवल दिसले. स्फटिकावर १० व्होल्टचा दाब देताच तो पिवळसर चमकला. त्यांनी एक लहानसे टिपण प्रसिद्ध केले आणि विषय तिथेच थांबला.

१९२० च्या दशकात रशियात ओलेग लोसेव्ह यांनी हा प्रकाश नव्याने पाहिला आणि त्याचा चिकाटीने अभ्यास केला. हा प्रकाश उष्णतेतून येत नाही, हे त्यांनी ओळखले. संदेशवहनासाठी त्याचा उपयोग होईल, हे जाणून त्यांनी पेटंटही घेतले. १९४२ मध्ये लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीने त्यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अवघे अडतीस वर्षांचे होते. पुढे डोळ्यांना दिसणारा लाल प्रकाश देणारा व्यवहार्य डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत बनवला.

इंजिनाच्या मागच्या बाजूला शोभणारा तांबडा दिवा आता मिळाला, पण कपाळावरचा पांढरा दिवा आणखी तीन दशके मिळाला नाही. लाल प्रकाशाच्या कणाची ऊर्जा सुमारे १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, निळ्याची सुमारे २.८. एवढी ऊर्जा देऊ शकणाऱ्या गॅलियम नायट्राइडचे निर्दोष स्फटिक वाढवणे अतिशय अवघड होते. इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांनी ते साधले. १९९३ मध्ये तेजस्वी निळा डायोड जगासमोर आला. त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा लेप चढवून १९९६ मध्ये पांढरा एलईडी बाजारात आला. २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले.

एलईडी जोडताना एक रोधक लावावा लागतो, कारण दाब किंचित वाढला तरी त्यातला प्रवाह झपाट्याने वाढतो. रुळांवर १२ व्होल्ट असतील आणि पांढऱ्या दिव्याला ३ लागत असतील, तर उरलेले ९ व्होल्ट रोधकाने पेलायचे. १००० ओहमचा रोधक घेतला तर प्रवाह ९ मिलिअँपिअर. ओहमच्या नियमाचे याहून सुबक उदाहरण शाळेतल्या प्रयोगशाळेत क्वचितच सापडेल.

तरीही रूळच निर्वीज झाले तर एलईडी तरी काय करणार? शेवटची गाठ सोडवली ती सांकेतिक आज्ञेने. होलोन्याक यांच्या डायोडनंतर वर्षभराने, १९६३ मध्ये, जनरल इलेक्ट्रिकनेच एकाच रुळावरची अनेक इंजिने स्वतंत्रपणे चालवणारी ‘अ‍ॅस्ट्रॅक’ ही प्रणाली आणली. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारित अंकीय मानक स्वीकारले. त्यात रुळांवर सतत पूर्ण दाब असतो, फक्त त्याची दिशा झपाट्याने बदलत राहते. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर अंक ‘एक’. १०० किंवा अधिक मायक्रोसेकंदांचे असेल तर ‘शून्य’. इंजिनातली चिप हे अंक वाचते, आज्ञा आपल्यासाठी आहे का ते पाहते आणि त्यानुसार मोटर चालवते किंवा दिवा लावते. वीज आता आज्ञा राहिली नाही. ती आज्ञेची वाहक झाली. गाडी थांबली, तरी दिवा जळत राहिला.

‘उजाला’ योजनेतून २०१५ पासून भारतात ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले. घरातला तो दिवा आणि टेबलावरच्या छोट्या इंजिनाचा दिवा एकाच शोधाची अपत्ये आहेत. त्या शोधाचे आरंभबिंदू शोधू लागलो तर हाती लागतात कलकत्त्यातला गॅलिनाचा एक खडा, राउंड यांचे एक लहानसे टिपण आणि वेढलेल्या शहरात भुकेने मेलेला एक तरुण संशोधक. यांपैकी कोणालाही दिवा बनवायचा नव्हता. स्फटिक असा का वागतो, हे त्यांना समजून घ्यायचे होते.