मुदत : रविवार, रात्री ११.५९

शनिवार, २७ सप्टेंबर २०२५, दुपारी ४. मुदतीला ३२ तास.

गेवराईत आत्याच्या घरी बसले आहे. गोदाकाठच्या आमच्या गावात पाऊस लागला की रेंज जाते, म्हणून स्पर्धेचं शेवटचं काम इथून करायचं ठरवलं. देवघरातल्या घटावर आज सहावी माळ. बाहेर पाऊस.

आम्ही पुण्यात एमबीए करणारे तिघं. एक मैत्रीण बोरिवलीची, एक मित्र नाशिकचा, आणि मी. मोठ्या कंपन्या दरवर्षी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी केस स्पर्धा घेतात. लॉरिआलची ‘ब्रँडस्टॉर्म’ १९९२ पासून आहे, हिंदुस्थान युनिलिव्हरची ‘लाइम’ २००९ पासून. आमची स्पर्धा त्याच जातकुळीतली. कंपनी आपल्याच धंद्यातला एक खरा प्रश्न देते आणि उत्तर दहा स्लाइडमध्ये मागते. यंदाचा प्रश्न असा होता : खेड्यातलं गिऱ्हाईक दहा रुपयांच्या पुडीवरून मोठ्या पॅकवर कसं आणायचं?

हा प्रश्न वाचला त्या दिवशी मला वाटलं होतं, याचं उत्तर माझ्या गावात आहे. आजही तसंच वाटतं.

रात्री ९. मुदतीला १५ तास नाहीत, २७ आहेत, असं आत्याला दोनदा सांगून झालं. ती जेवायला बोलावते आहे.

आमच्या योजनेचा गाभा सहाव्या स्लाइडवर आहे. गेवराई तालुक्यातल्या खेड्यात पैसा बारा महिने येत नाही. दसऱ्याच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या हातात मुकादमाची उचल पडते, आणि दिवाळीच्या सुमारास कापूस घरात येतो. नवरा-बायकोचा कोयता एकदा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेला की पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचं गाळप संपेपर्यंत, परत येत नाही. म्हणजे कंपनी ज्याला गावातलं गिऱ्हाईक म्हणते, त्यातलं बरंच जवळपास सहा महिने गावात नसतंच. मुंबईत बसून ‘ग्रामीण मागणी’ची रेघ काढणाऱ्यांना ही गोष्ट कुणीतरी सांगायलाच हवी होती. आम्ही म्हटलं, मोठा पॅक वर्षभर रेटू नका. दसरा ते दिवाळी एवढ्याच दिवसांत, बिऱ्हाड बांधताना पेटीत भरून नेता येईल असा द्या.

विक्रीचा अंदाज मात्र कापसावर उभा आहे. एकरी सहा क्विंटल धरले. यंदा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये, म्हणजे एकरी ४८,६६० रुपये. त्यातून ९०१ रुपयांची बियाण्याची पाकिटं, खत, फवारणी, वेचणी वजा करून घरखर्चाला काय उरतं ते काढलं. केंद्राने ऑगस्टमध्ये कापसावरचं आयात शुल्क डिसेंबरअखेरपर्यंत माफ केलंय, त्यामुळे बाजारात हमीभाव मिळेलच असं नाही, ही टीपही खाली टाकली. हे सगळं ऑगस्टमध्ये मांडलं होतं. तेव्हा गोदाकाठच्या रानात कापूस कमरेला लागत होता.

स्लाइडच्या कोपऱ्यात गावातल्या किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीचा फोटो आहे. नावं झाकली आहेत. एका पानावर निळ्या शाईत लिहिलंय : गोडेतेल एक किलो, चहापत्ती, अंगाचा साबण दोन, धुण्याचा साबण चार, बिस्किटपुडे. रकमेपुढे तारीख नाही, ‘कापसावर’ एवढंच. त्याखालच्या नोंदीपुढेही तेच. पूर्ण पान तसंच.

रविवार, २८ सप्टेंबर, सकाळी ८. मुदतीला १६ तास.

नाशिकच्या मित्राने व्हिडिओ पाठवला. रामकुंड दिसत नाही, दुतोंड्या मारुतीभोवती पाणी आहे. नाशिककर त्या मूर्तीवरून पूर मोजतात. मित्राला वाटलं, मी नुसतं ‘बाप रे’ म्हणेन. पण नाशिकचं, नगरचं पाणी शेवटी पैठणला जायकवाडी धरणाच्या नाथसागरात येतं, आणि नाथसागर भरलेला आहे. तिथून सोडलेलं पाणी आमच्या शिवाराला लागून वाहतं. मी गावी वडिलांना, अण्णांना फोन लावला.

“दवंडी झाली रात्रीच,” अण्णा म्हणाले. “जनावरं वर नेलीत. तू तुझं काम कर, माय.”

सकाळी ११. मुदतीला १३ तास.

तिघांची ऑनलाइन बैठक. मी म्हणाले, सहावी स्लाइड अशी जाऊ शकत नाही. या महिन्यातल्या पावसाने तालुक्यातली सखल रानं आधीच पाण्याखाली गेली आहेत. उभ्या पिकातली बोंडं सडायला लागली आहेत, आता नदीकाठही जाईल.

बोरिवलीच्या मैत्रिणीने विचारलं, “सहा क्विंटल काढून किती लिहू? आणि आधार काय दाखवू?”

प्रश्न रास्त होता. पंचनामे व्हायचे होते. कुठलाही सरकारी आकडा नव्हता. परीक्षकांच्या गुणपत्रिकेत गृहीतकांना आधार दाखवण्याचे वेगळे गुण असतात, आणि माझ्याकडे आधार होता तो अण्णांच्या फोनचा. आमच्या शिक्षणात मला खुपणारी हीच गोष्ट आहे. जुना आकडा चुकीचा आहे हे दिसत असलं तरी तो मान्य होतो, कारण त्याच्याखाली स्रोत छापता येतो. डोळ्यांसमोर घडणाऱ्या गोष्टीला पत्रक निघेपर्यंत किंमत नसते.

शेवटी ठरलं की मी संध्याकाळपर्यंत दुसरी मांडणी लिहून पाठवायची. पीक हातचं गेलं तर काय, अशी.

दुपारी २. मुदतीला १० तास.

जायकवाडीचा विसर्ग वाढतोय. मोबाइलवर एकामागून एक संदेश : लाखाच्या वर, मग दोन लाख क्युसेकच्या पुढे. धरणाला २७ दरवाजे आहेत, त्यातले नऊ आपत्कालीन. आत्याचे यजमान म्हणाले, २००६ साली असं झालं होतं. त्यानंतर घरात कुणी फारसं बोललं नाही.

संध्याकाळी ६. मुदतीला ६ तास.

गावचा रस्ता बंद. ओढ्याला नदीचं पाणी उलटं चढलं आहे. खालच्या आळीतली घरं शाळेत हलवली. आईने फोनवर सांगितलं, घट हलवायचा नसतो म्हणून तो तिथेच ठेवून आले. मग म्हणाली, किराणावाल्या काकांचा माल काढायला पोरं गेली होती. साखरेची पोती निघाली, साबणाची खोकी राहिली.

मी दुसऱ्या मांडणीचा पहिला परिच्छेद तेव्हाच लिहिला. तो दुकानदाराबद्दल होता. गेवराईहून वितरकाची गाडी दर आठवड्याला गावात येते, आणि मागच्या फेरीचे पैसे या फेरीला घेते. दुकानदार मात्र गावाला सहा महिने उधार देतो. कंपनीला खेड्यात पाय रोवता आले ते या माणसाच्या बळावर. हंगामाची सगळी जोखीम तो एकटा वाहतो, आणि आमच्या दहा स्लाइडमध्ये त्याचं नाव ‘आउटलेट’ होतं.

रात्री ९.३०. मुदतीला अडीच तास.

अण्णांचा फोन बंद. आईचा बंद. शाळेवर गेलेल्या चुलतभावाचा लागला. “सगळे वर आहेत, माणसं नीट आहेत,” तो म्हणाला. “रान गेलं, ताई. बांध दिसंना झाला.” मग त्याचाही तुटला. गेवराईतही वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी निम्म्याच्या खाली, आणि फोनवर इंटरनेटची एकच काडी. परिच्छेद पाठवायला घेतले. चक्र फिरत राहिलं.

रात्री ११.५२. मुदतीला ७ मिनिटं.

पुण्याच्या वसतिगृहात बोरिवलीची मैत्रीण माझी वाट बघत होती. तिने आणखी थांबायचं कसं? फाइल गेली. सहावी स्लाइड ऑगस्टमध्ये होती तशीच होती : गोदाकाठची गावं, ऑक्टोबर-नोव्हेंबर, सर्वाधिक मागणी. नकाशावर गडद हिरव्या रंगात.

११.५९ ला मुदत संपली. त्या हिरव्या पट्ट्यातली माणसं त्या वेळी शाळेच्या वर्गांत सतरंज्यांवर होती. आमचा सगळा कापूस पाण्याखाली होता.

पुढचं थोडक्यात. पाणी उतरल्यावर रानात गेले. झाडं आडवी, बोंडांत चिखल, काही बोंडांतून सरकीला कोंब फुटलेले. खालच्या वाफ्यांतली मातीच वाहून गेली होती. ७ ऑक्टोबरला सरकारने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मुकादमाकडून जास्तीची उचल मागणारी घरं यंदा आमच्या भावकीतही निघाली. ज्यांनी याआधी कधी कोयता धरला नव्हता, त्यांनीही धरला.

आमची फाइल पुढच्या फेरीत गेली. परीक्षकांनी शेऱ्यात सहाव्या स्लाइडचं कौतुक केलं होतं. ऑनलाइन सादरीकरणात आम्ही तिघांनी एकमताने ती स्लाइड काढली. तिच्या जागी उधारीच्या वहीचं तेच पान मोठं करून लावलं, आणि मागणी एकच ठेवली : पूरग्रस्त तालुक्यांतल्या दुकानदारांना मालाचे पैसे मार्चपर्यंत द्यायची मुभा, आणि पाण्यात गेलेल्या खोक्यांचं बिल माफ.

परीक्षकांपैकी एका गृहस्थांनी सरळ विचारलं, “याचा भार कोणी उचलायचा?”

“कंपनीने,” मी म्हणाले. “आजवर दुकानदाराने उचलला. आमच्या गावात तुमचा साबण त्याच्याच पैशावर सहा महिने चालतो, साहेब.” मग व्याजाचा हिशेब दाखवला. वितरकाला आठवड्याऐवजी सहा महिने थांबायला लावलं तर एका दुकानामागे कंपनीला किती पडतं, ते आम्ही तीन वेगवेगळ्या व्याजदरांनी काढलं होतं. त्यांनी तो तक्ता मागून घेतला. निवड दुसऱ्या संघाची झाली. तक्त्याची प्रत मी गेवराईच्या वितरकाकडेही दिली आहे. पुढच्या महिन्यात त्यांची कंपनीच्या विभागीय अधिकाऱ्यांशी बैठक आहे, आणि त्या बैठकीला किराणावाले काका स्वतः वही घेऊन जाणार आहेत.