आठ गोळ्यांची रायफल

आमचे एक स्नेही गेलीं वीस वर्षें अमेरिकेंतील ओहायओ संस्थानांत राहतात व आतां त्या देशाचे नागरिकहि झाले आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांस नेमबाजीचा नाद लागला. गतवर्षीं त्यांचें पत्र आलें. विसाव्या शतकांतील एखादी नामांकित लष्करी रायफल, दर गोळीस हातानें पुन्हां भरावी न लागणारी, केवळ मैदानावर कागदी निशाणें फोडण्यासाठीं घ्यावयाची आहे. तर कोणती घ्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. एका दुकानदारानें त्यांस एक रायफल दाखविली होती. तिचा प्रत्येक भाग मूळचा, कारखान्यांतून बाहेर पडला त्या दिवसाचा आहे, अशी ग्वाही देऊन त्यानें तिची किंमत शेजारच्या रायफलीच्या तिप्पट सांगितली होती. ती द्यावी काय?

शस्त्रविद्येंतील आमचा अधिकार सांगावयाचा तर, कॉलेजांत असतां एन. सी. सी.च्या मैदानावर आम्हीं पॉइंट टू टू रायफलीच्या पांच गोळ्या झाडल्या होत्या व त्यांतील तीन शेजाऱ्याच्या निशाणावर लागल्या होत्या. परंतु प्रश्न नेमाचा नव्हता, इतिहासाचा होता. म्हणून उत्तर देण्याचें धाडस आम्हीं केलें.

त्यांच्यापुढें तीन नांवें होतीं. पहिली बेल्जियमची ‘फाल’. आपल्या सैन्याची व पोलिसांची ‘एस. एल. आर.’ ती बहुतांशीं हीच. १९६२ सालीं चीनशीं लढतांना आपल्या जवानांच्या हातीं दर गोळीस बोल्ट मागेंपुढें करावयाची ‘थ्री नॉट थ्री’ होती. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यांत ही नवी रायफल तयार होऊं लागली, आणि तिला लागणारें ७.६२ मिलिमीटरचें काडतूस आपल्या वरणगांवच्या कारखान्यांतहि बनलें. स्नेह्यांचा ओढा तिच्याकडे असावा हें स्वाभाविक होतें. परंतु अमेरिकेंत खाजगी माणसास जी फाल मिळते ती बहुधा परदेशांतून नेलेले सुटे भाग तेथें बनविलेल्या नव्या सांगाड्यावर जोडून केलेली असते. दुसरी एम-१४. ती १९५७ सालीं अमेरिकन सैन्यानें स्वीकारली; तिच्यांत वीस गोळ्यांची पेटी बसते. पण एकदां चाप दाबला कीं गोळ्यांची धार धरण्याची सोय तिच्यांत असल्यामुळें १९३४ च्या कायद्यान्वयें ती मशिनगन ठरते. दुकानांत मिळते ती तिची एम-१-ए नांवाची नागरी प्रतिकृति. ती बनविणारी खाजगी कंपनी ‘स्प्रिंगफील्ड आर्मरी’ हेंच नांव १९७४ पासून वापरीत आली आहे. मॅसॅच्युसेट्समधील त्या नांवाचा सरकारी कारखाना १९६८ सालींच बंद झाला होता. रायफल उत्तम, पण युद्ध तिनें पाहिलेलें नाहीं.

राहिली एम-१, म्हणजे गॅरंड. एका ओढीस एकच गोळी हा तिचा जन्मापासूनचा धर्म असल्यानें नागरिकाच्या हातीं देतांना तिच्यांत कांहींच बदलावें लागलें नाहीं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैनिकानें जी धरली तीच, अक्षरशः तीच, आज एखादा निवृत्त गृहस्थ धरूं शकतो. आम्हीं येथेंच निकाल दिला.

जॉन गॅरंड यांचा जन्म १८८८ सालीं कॅनडांतील क्वेबेक प्रांतांत झाला. बालपणींच ते अमेरिकेंत आले, कापडाच्या गिरणींत काम करूं लागले व तेथेंच यंत्रें शिकले. १९१९ सालीं ते स्प्रिंगफील्डच्या सरकारी कारखान्यांत दाखल झाले. त्यांच्या रायफलीचें तत्त्व असें: गोळी नळीच्या तोंडाशीं पोंचतां पोंचतां तिच्यामागील वायूचा अल्पसा अंश बाजूस काढून त्याच्या जोरानें एक दट्ट्या मागें रेटावयाचा, दट्ट्याबरोबर दांडा, दांड्याबरोबर बोल्ट, रिकामें काडतूस उडून जातें व नवें आंत शिरतें. आरंभीं ही रचना .२७६ इंची लहान काडतुसासाठीं केली होती व तिच्या क्लिपेंत दहा गोळ्या मावत. १९३२ सालीं सेनाप्रमुख मॅकआर्थर यांनीं तें काडतूस नाकारलें. सरकारच्या कोठारांत जुन्या .३० इंची काडतुसांचे ढीग पडले होते, आणि मंदीचे दिवस होते. काडतूस मोठें झालें, दहाच्या आठ झाल्या. काटकसरीनें ठरलेला हा आंकडा पुढें जगप्रसिद्ध झाला! शेवटच्या गोळीबरोबर रिकामी क्लिप टणत्कार करून बाहेर उडते, तो आवाज ऐकण्यासाठीं आज हौशी लोक मैदानावर जातात.

सैन्यानें ती १९३६ च्या जानेवारींत स्वीकारली. सुमारें साडेनऊ पौंड वजनाची ही रायफल दुसऱ्या महायुद्धांत स्प्रिंगफील्ड व विंचेस्टर या दोन कारखान्यांनीं मिळून चाळीस लक्षांवर काढली. पुढें कोरियाच्या युद्धानंतर आणखी दोन कंपन्यांची भर पडून १९५७ पर्यंतची संख्या चौपन्न लक्षांच्या आसपास गेली. गॅरंड यांनीं आपले हक्क सरकारला देऊन टाकले होते. त्यांस एक लक्ष डॉलर द्यावे असें विधेयक काँग्रेसपुढें आलें, तें मंजूर झालें नाहीं. पगारावर काम करून ते निवृत्त झाले व १९७४ सालीं वारले.

आतां दुकानदाराच्या ‘मूळच्या’ रायफलीकडे वळूं. गॅरंडच्या बहुतेक मुख्य भागांवर नकाशाचा क्रमांक ठोकलेला असतो. बोल्टवर ‘डी २८२८७’, त्यापुढें सुधारणेचा आंकडा व कारखान्याचीं अक्षरें. दांडा मागें ओढला कीं नळीवर तिचा महिना व साल दिसतें. यावरून अमुक क्रमांकाच्या सांगाड्यावर कोणता बोल्ट शोभतो याचे कोष्टक संग्राहकांनीं तयार केले आहेत, आणि सर्व जुळलें कीं किंमत चढते. जुळविण्याचा हा धंदा मोठा आहे. कोठून चाप, कोठून दांडा आणून जी रायफल ‘मूळची’ करण्यांत येते ती वस्तुतः काल जन्मलेली असते.

याहूनहि गमतीची गोष्ट पहिल्या सुमारें पन्नास हजार रायफलींची. त्यांत वायु नळीच्या तोंडावर बसविलेल्या टोपणांत अडविला जाई. ती युक्ति सदोष ठरली. म्हणून १९४० च्या सुमारास नळीलाच छिद्र पाडण्याची रीत आली व जुन्या रायफली परत बोलावून बदलण्यांत आल्या. ज्या सुटल्या त्या थोड्या, म्हणून आज सर्वांत महाग. ज्या रायफलीवर सैन्याचा विश्वास नव्हता तिच्यासाठीं संग्राहक सर्वांत जास्त पैसे मोजतो!

खरा प्रकार असा कीं सैन्याच्या दृष्टीनें ‘मूळची’ रायफल ही वस्तूच नव्हती. स्प्रिंगफील्डच्या कारखान्याची कीर्ति सुट्या भागांच्या सारखेपणावर उभी होती; लांकडी दस्ते एकाच घाटाचे कापणारें थॉमस ब्लँचर्डचें यंत्र तेथें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच फिरूं लागलें होतें. एकाचा बोल्ट दुसऱ्यांत बसावा यासाठींच तो सारा खटाटोप. युद्ध संपल्यावर लक्षावधि गॅरंड शस्त्रागारांत आल्या, सुट्या झाल्या, भाग धुऊन राशींत पडले, झिजलेल्या नळ्या फेंकल्या गेल्या आणि हातीं येईल त्या भागांतून रायफली पुन्हां उभ्या राहिल्या. दस्त्यावर त्या त्या शस्त्रागाराचीं अक्षरें उमटलीं. कित्येक ग्रीस, डेन्मार्क, तुर्कस्तान, फिलिपीन्स येथें मदत म्हणून गेल्या, तेथें पुनः बदलल्या व दशकांनीं परत आल्या. भागांची ही भेसळ हाच तिचा इतिहास. भेसळ काढून टाकणारा मनुष्य इतिहास जपतों असें समजून तो पुसून टाकतो.

म्हणून स्नेह्यांस आम्हीं लिहिलें कीं तिप्पट किंमत देऊं नये, नळी पाहावी. नळीचें मागचें व पुढचें तोंड किती झिजलें हें मोजण्याचीं मापें असतात, तीं लावून घ्यावीं. तोडून भंगारांत काढलेल्या सांगाड्यांचे तुकडे जोडून केलेल्या रायफलीहि बाजारांत आहेत. त्यांपासून दूर राहावें. शिकारीसाठीं मिळणारीं जड गोळीचीं काडतुसें घालूं नयेत, कारण त्यांच्या दारूचा वायु दांडा वांकवितो. दीडशें ग्रेन वजनाच्या गोळीचें लष्करी मापाचें काडतूस तिला मानवतें. आणि क्लिप भरतांना आंगठा वेळीं काढावा. बोल्ट मिटतांना तो चेचला जाणें हें तेथील सैनिकांचें जुनें दुखणें होय.

माणूस मारण्यासाठीं केलेल्या यंत्रानें कागद फोडून करमणूक करावी, हें आमच्या मनास पुरतें रुचतें असें नाहीं. आपल्याकडे अशी रायफल सामान्य नागरिकास मिळत नाहीं, व त्याचें आम्हांस दुःख नाहीं. पण तेथील ही मौज मुळांत मौज म्हणून जन्मलीच नव्हती. शांततेच्या काळांत नागरिकांस नेम धरावयास शिकवावें म्हणजे युद्धांत तयार माणसें मिळतील, या हेतूनें १९०३ सालीं सरकारनें एक मंडळ नेमलें. त्याच्या स्पर्धा १९०७ पासून ईरी सरोवराच्या कांठीं कँप पेरी येथें भरूं लागल्या. १९९६ च्या कायद्यानें तें काम एका बिनसरकारी संस्थेकडे गेलें, आणि सैन्यानें काढून टाकलेल्या गॅरंड तीच संस्था मापें लावून, प्रत ठरवून नागरिकांस विकीत आली आहे. गॅरंड यांच्या नांवाची स्पर्धाहि तेथें होते; तिच्यांत रायफल सैन्यानें दिली तशीच असावी असा दंडक आहे. सैन्यानें दिली तशी, म्हणजे भेसळीचीच.

स्नेह्यांनीं त्या संस्थेकडूनच घेतली. सांगाडा स्प्रिंगफील्डचा, चापाचा संच विंचेस्टरचा, नळी कोरियाच्या युद्धानंतरची, आणि दस्त्यावर एका शस्त्रागाराचा शिक्का दुसऱ्यानें अर्धा झांकलेला, असें त्यांचें उत्तर आलें. दस्त्याच्या मागील झांकणाखालीं तेलाची डबी असावयास हवी, ती नव्हती. ती त्यांस निराळी विकत घ्यावी लागली.