एक कोयता, दोन माणसे

जुन्नरचे नाव निघाले की आपल्या मंडळींना मलिक अंबर आठवतो. हबशाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि काही काळ त्याने राजधानीही जुन्नरला आणली. त्याचा अभिमान रास्तच आहे. पण परमुलखात राबायला गेलेल्या साध्या माणसाचा इतिहास आपण क्वचितच वाचतो.

जुन्नर आणि आंबेगाव हे अशा माणसांचेच तालुके. मावळ, मुळशी, खेडप्रमाणे येथूनही माणसे मुंबईला डबे पोहोचवायला गेली. महादेव हावजी बच्चे यांनी 1890 च्या सुमारास हा धंदा उभा केला. त्यातली एक रीत मला फार मोलाची वाटते. गटातले डबेवाले मिळकत सारखी वाटून घेतात. त्याच 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. त्यासाठी एप्रिलमध्ये भरलेल्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली होती.

पुढे कुकडी प्रकल्पाचे पाणी आले, ऊस वाढला, जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. आता परमुलखातली माणसे आपल्या बांधावर येतात. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या टोळ्या उतरतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको दोघे राबतात, पण हिशेबात ती दोघे मिळून ‘एक कोयता’. 1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरणाऱ्या बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नसेल, तर समान काय मोजणार? आम्ही शिक्षक भावा-बहिणीची मिळून एक हजेरी लावत नाही! आजारपणात खाडा पडला तर दंड. बिबट्यांच्या या मुलखात मुले उसाकडेच्या उघड्या कोपीत झोपतात.

1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा यांच्या कामी आला नाही. तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता, आणि 2020 च्या संहितेतही ती अट राहिलीच. बीडहून आलेला मजूर पाच-सहा महिने घर सोडून राहिला, तरी या कायद्याच्या लेखी तो स्थलांतरित नाही.

राज्य सरकारने गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ काढले, ओळखपत्रे द्यायचे ठरले. ती बाईच्याही नावाने निघाली पाहिजेत. तोडणीचे दर साखर संघ आणि मजूर संघटनांच्या करारात ठरतात. पुढच्या करारात दराबरोबर हेही लिहून घ्यावे, की मजुरी कोयत्याला नव्हे, माणसाला मिळेल आणि बाईची तिच्या हातात पडेल.