आकड्याच्या नादाचा इतिहास

मुंबईतील मटक्याचा जन्म कापसाच्या भावातून झाला, हे आजच्या पिढीत फार थोड्यांना ठाऊक असेल. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात भाव कितीवर उघडला आणि कितीवर बंद झाला, याची वार्ता टेलिप्रिंटरने मुंबईस येत असे आणि त्या भावातील आकड्यांवर येथे पैजा लागत. १९६१ साली ही वार्ता येणे थांबले. खरे तर धंदा तेथेच संपावयास हवा होता. परंतु जुगाराला कापसाची गरज कधीच नव्हती. १९६२ मध्ये मूळच्या कच्छच्या कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेल्या रतन खत्री यांनी आपापला आकडा काढावयास प्रारंभ केला. मडक्यात चिठ्ठ्या टाकून त्या काढीत, म्हणून ‘मटका’. पुढे मडके जाऊन पत्ते आले, नाव मात्र चिकटून राहिले.

खेळ अगदी सोपा होता आणि त्याचे सामर्थ्य त्या सोपेपणातच होते. तीन पत्ते काढावयाचे, त्यांची बेरीज करावयाची आणि बेरजेचा शेवटचा अंक घ्यावयाचा. एक, चार, आठ निघाले की बेरीज तेरा; म्हणून ‘ओपन’ तीन. काही तासांनी दुसऱ्यांदा पत्ते काढले की ‘क्लोज’, आणि दोन्ही मिळून ‘जोडी’. एका अंकावर लावलेल्या रुपयाला नऊ रुपये, जोडीला नव्वद. लिहितावाचता न येणाऱ्यालाही हे समजे, आणि चार आण्यांनाही मज्जाव नव्हता. लालबाग, परळ, वरळीच्या चाळींतून गिरणी कामगारांचा पगार याच वाटेने वाहत गेला. रात्री स्वप्नात काय पाहिले यावरून सकाळी आकडा ठरविणारी माणसे केवळ मुंबईत नव्हती. आमच्या किनाऱ्यावरील गावांतही होती, आणि त्यांत रविवारची मिस्सा न चुकविणारेही होते.

आता थोडा हिशेब करू. अंक दहा आणि मोबदला नऊपट. म्हणजे सर्व खेळणाऱ्यांनी मिळून दहा रुपये लावले तर सरासरीने नऊच परत येतात. हे नऊ पुन्हा लावले की आठ रुपये दहा पैसे उरतात, मग सात रुपये एकोणतीस पैसे. सात फेऱ्यांत निम्म्याहून अधिक पैसा नाहीसा होतो, आणि त्यात कोणी लबाडी केलेली नसते. एखाद्याला जोडी लागते, त्याचे नाव गावभर होते. पण बाकीच्यांचे काय गेले ते कोणी पुकारीत नाही.

कायदा तोवर जुना झाला होता. मुंबई जुगार प्रतिबंधक अधिनियम १८८७ चा. त्याच्या व्याख्येत पुढे काय काय समाविष्ट झाले ते पाहण्याजोगे आहे : कापसाच्या भावातील आकडे, अफूचा भाव, इतकेच काय, पाऊस पडेल की नाही आणि किती पडेल, यावरील पैजाही! घोड्यांच्या शर्यतीला मात्र अटी घालून वगळले. महालक्ष्मीला सुटाबुटात लावलेली पैज आणि चाळीच्या जिन्याखाली लावलेला आकडा यांत कायद्याने केलेला हा भेद आम्हांस कधीच पटला नाही. खत्री यांना आणीबाणीत तुरुंगवास घडला, सुटका झाली, आणि मटका चालूच राहिला. तो क्षीण झाला तो पोलिसांच्या धाडींनी, आणि गिरण्या बंद पडल्याने. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपाने खेळणाऱ्याच्या खिशात लावण्यासारखे काही ठेवलेच नाही.

दरम्यान शासन स्वतःच या व्यवसायात उतरले होते. केरळाने १९६७ साली राज्य लॉटरी काढली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये तोच मार्ग धरला. लोककल्याणासाठी महसूल, हे कारण खरेही होते. तथापि कालांतराने अनेक राज्यांच्या एक अंकी लॉटऱ्या आल्या आणि दिवसातून अनेकदा निकाल लागू लागले, तेव्हा मटका आणि लॉटरी यांत छापील कागदाखेरीज अंतर उरले नाही. अखेर १९९८ च्या केंद्रीय कायद्याने एक अंकी लॉटरीस मनाई केली. त्यानंतर गोव्याच्या मांडवीत तरंगते कॅसिनो आले, आणि मग तो खेळ प्रत्येकाच्या हातातील फोनमध्ये शिरला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. मात्र लागलेली सवय राजपत्रातील अधिसूचनेने सुटत नाही.

आपल्या सणाच्या दिवशी धर्मग्रामात हाउझी होते, रॅफलची तिकिटे खपतात, मग तुम्ही धर्मगुरू काय बोलता, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथात (परिच्छेद २४१३) दैवावर अवलंबून असलेले खेळ वा पैजा मुळातच अन्याय्य मानलेल्या नाहीत. स्वतःच्या आणि आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचे जे, ते त्यात जाऊ लागले की त्या अमान्य ठरतात. आणि जुगाराची आसक्ती गुलामी बनण्याचा धोका आहे, असेही तेथे म्हटले आहे. ही कसोटी फार व्यवहारी आहे. घरखर्च बाजूला काढल्यावर जे करमणुकीचे, तेवढेच. रक्कम आणि वेळ खेळण्यापूर्वी ठरलेली. उसने घेऊन कधीच नाही. आणि गेले ते भरून काढण्यासाठी पुन्हा बसणे नाही. हाउझीत दहा रुपये घालवून हसत घरी जाणारा आणि दहा हजार घालवून पुढच्या दहा हजारांच्या शोधात निघणारा, हे दोघे एकच खेळ खेळत नसतात.

हा दुसरा माणूस ख्रिस्तसभेला अपरिचित नाही. रुग्णालयांचे व रुग्णांचे आश्रयदाते संत कामिलस दे लेलिस यांचा जन्म १५५० साली इटलीत बुक्यानिको येथे झाला. वडील सैनिक आणि जुगारी; मुलाने दोन्ही वारसे घेतले. पायाची जखम घेऊन तो रोमच्या संत याकोब रुग्णालयात गेला, तेथेच सेवक म्हणून राहिला आणि भांडणे व पत्ते यांपायी काढून टाकला गेला. फ्रान्सिस्कन होण्याचे व्रत त्याने घेतले आणि पुन्हा पत्त्यांकडे वळला. १५७४ मध्ये नेपल्स येथे तलवार, अंगरखा, अखेर अंगातील सदराही हरला. पुढे तो भीक मागत असता कपुचिन मठाच्या बांधकामावर त्याला मजुरी मिळाली. २ फेब्रुवारी १५७५ हा त्याच्या परिवर्तनाचा दिवस मानला जातो. त्यानंतर त्याच रुग्णालयात परत जाऊन त्याने रुग्णांची सेवा केली, १५८४ मध्ये गुरुदीक्षा घेतली आणि रुग्णसेवकांचा संघ उभारला. झग्यावरील लाल क्रूस ही त्या संघाची खूण. पायाची जखम मात्र १६१४ मध्ये मृत्यू येईपर्यंत बरी झाली नाही.

या चरित्रातील एक तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. व्रत घेऊनही कामिलस घसरला होता. क्रुसासमोर घेतलेली शपथ मोडली की आपल्याकडे नवऱ्याला किंवा मुलाला ‘बेइमान’ ठरवून विषय संपवितात. वैद्यकशास्त्र आता वेगळे सांगते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत अनिवार जुगाराची नोंद १९८० साली विकार म्हणून झाली. २०१३ च्या आवृत्तीत तो मद्य व मादक द्रव्यांच्या व्यसनांच्या पंक्तीस बसविण्यात आला. बाहेरून काही न पिताही मेंदूला नशेची चटक लागू शकते, असा त्याचा अर्थ. वाढत्या रकमेशिवाय समाधान न होणे, खोटे बोलणे, गेलेला पैसा परत मिळविण्यासाठी पुन्हा खेळणे, थांबण्याचा प्रयत्न वारंवार फसणे, ही त्याची लक्षणे.

त्याही आधी, १३ सप्टेंबर १९५७ रोजी, लॉस एंजेलिस येथे काही जुगाऱ्यांनी एकत्र येऊन ‘गॅम्बलर्स अ‍ॅनॉनिमस’ची पहिली सभा भरविली. मद्यमुक्तांच्या अ‍ॅ. ए. संघटनेच्या बारा पायऱ्याच त्यांनी आपल्याशा केल्या. वर्गणी सक्तीची नाही, आडनाव सांगावयाचे नाही, आजचा एक दिवस खेळावयाचे नाही. कुटुंबीयांसाठी स्वतंत्र सभा असतात, कारण जुगाऱ्याच्या घरातील सर्वच माणसे कर्जदार झालेली असतात.

आमच्याकडे येणाऱ्या बायका बहुधा एकच विनंती करतात : “फादर, त्याला एकदा समजावून सांगा.” समजावून सांगणे आम्ही टाळीत नाही. पण त्याबरोबर आणखी काही सांगणे आम्हांस भाग पडते. मंगळसूत्र मोडून किंवा वाडी गहाण टाकून त्याचे कर्ज एकदम फेडू नका. कर्ज फिटलेला जुगारी पुष्कळदा नव्या पतीसह परत खेळावयास बसतो. सर्व देणी कागदावर लिहून काढा, पगार व बँकेचे व्यवहार काही काळ दुसऱ्या विश्वासू माणसाच्या हाती द्या, आणि मनोविकारतज्ज्ञाकडे जा. दूरचा डॉक्टर परवडत नसेल तर शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा क्रमांक १४४१६ आहे; ऑक्टोबर २०२२ पासून ती विनामूल्य, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येते. तो मरणाची भाषा करू लागला, तर सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री हा क्रमांक फिरवा आणि त्याला एकटे सोडू नका. प्रायश्चित्त संस्कारात पापाची क्षमा मिळते; आजाराचे औषध मात्र डॉक्टरकडून घ्यावे लागते. कामिलसाने रुग्णांच्या उशाशी बसण्यासाठी धर्मगुरू आणि सेवक दोघांनाही एकाच संघात घेतले होते.