अर्पानेटचे चार तास

तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस संगणकांच्या जाळ्यावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण आजचा विषय मुळात तर्काचाच आहे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतलं अर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचा पूर्वज, जवळजवळ चार तास बंद पडलं. कोणी हल्ला केला नव्हता. एकाच निरोपाच्या तीन वेगवेगळ्या प्रतींनी ते बंद पाडलं होतं.

या जाळ्याच्या प्रत्येक नाक्यावर ‘इम्प’ नावाचा एक संगणक असे. आपल्याला जोडलेल्या तारांची खबर तो छोट्या पॅकेटमधून सगळ्यांना कळवी. खबर जुनी की नवी हे समजावं म्हणून तिच्यावर ० ते ६३ असा अनुक्रमांक असे आणि ६३ नंतर पुन्हा ०. घड्याळात बारानंतर एक वाजतो, म्हणून आपण एकला जुना म्हणत नाही ना? तसंच. एका क्रमांकापासून पुढे मोजताना अर्ध्या फेरीच्या, म्हणजे ३२ घरांच्या आत येतो तो नवा, असा नियम होता.

आता, ५० क्रमांकाच्या इम्पची एक खबर ४४ हा अनुक्रमांक घेऊन फिरत होती. शेजारच्या २९ क्रमांकाच्या इम्पचं हार्डवेअर बिघडलेलं, त्यातून बिट गळत होते. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. एक बिट गळाला की १०१०००, म्हणजे ४०. आणखी एक गळाला की ००१०००, म्हणजे ८. तारेवर पॅकेट बिघडलं तर ते पकडायची सोय होती, पण मेमरीत झालेला बदल तिच्यातून निसटला.

गंमत बघा. ४० पेक्षा ४४ नवा. ४४ पासून २८ घरं पुढे ८, म्हणून ८ नवा. आणि ८ पासून बरोबर ३२ घरं पुढे ४०, म्हणून ४० नवा! ‘अ’ पेक्षा ‘ब’ नवा आणि ‘ब’ पेक्षा ‘क’ नवा, तर ‘अ’ पेक्षा ‘क’ नवा असणारच, हे आपलं गृहीतच कोसळलं. प्रत्येक इम्प नियमानं वागला. नवी खबर घ्यायची, शेजाऱ्याला द्यायची. त्या फेऱ्यातून कोणाला दुसऱ्या कामाला सवडच उरली नाही.

एखादा इम्प बंद करून पुन्हा चालू केला, तरी शेजारी तीच पॅकेट त्याच्या हातात ठेवी. शेवटी जाळं सांभाळणाऱ्या बीबीएन कंपनीतल्या लोकांनी काही इम्पच्या मेमरीतला मजकूर काढून तपासला. रांगा ५० च्या खबरींनी भरलेल्या! मग ‘५० च्या खबरी घेऊ नका’ अशी दुरुस्ती एकेका इम्पमध्ये घातली, तेव्हा कुठे जाळं सावरलं. लक्षात घ्या, पॅकेटवर नाव ५० चं होतं, दोष २९ चा. एरिक रोझेन यांनी १९८१ साली हा सगळा तपास सविस्तर लिहून ठेवला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे : सगळ्यांनी नियम पाळूनही सगळ्यांचं मिळून चुकू शकतं. बिघडलेला संगणक दुरुस्त केल्यानंतरही चुकीची खबर जिवंतच राहते, कारण तिला मरण्याची व्यवस्थाच नसते. रेडिया पर्लमन यांनी १९८३ साली नेमका हाच प्रश्न हाती घेतला. बिघडलेलं यंत्र बाजूला केलं, की जाळ्यानं माणसाच्या मदतीशिवाय आपणहून सावरलं पाहिजे, अशी कसोटी त्यांनी ठेवली. चूक होणारच नाही, असं कोणालाच म्हणता येत नाही. झालेली चूक कधी संपेल, याची तजवीज मात्र आधीच करून ठेवता येते.