उंबरठ्यापर्यंत वैद्यक

परळ येथें २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं टाटा मेमोरियल रुग्णालय उघडलें आणि कर्करोग्यांस हक्काचें आश्रयस्थान लाभलें. परंतु गर्भाशयमुखाचा कर्करोग आरंभीं दुखत नाहीं. म्हणून रुग्ण येई ती उशिराच. १९९८ सालीं याच संस्थेनें मुंबईच्या झोपडपट्ट्यांत आरोग्यसेविका धाडण्यास आरंभ केला. सिरक्यांतील सौम्य अम्ल लावून नुसत्या डोळ्यांनीं पांढरा डाग हेरावयाचा, एवढीच ती परीक्षा. तिच्या योगें या रोगाचे मृत्यू शेंकडा ३१ नें घटले, हें २०१३ सालीं जाहीर झालें. २०१६ सालीं केंद्र सरकारनें ती आपल्या धोरणांत घेतली. तरीहि २०१९–२१ च्या राष्ट्रीय पाहणींत ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा २ देखील तपासलेल्या आढळल्या नाहींत. उपाय सोपा आहे. तो घरोघरीं पोंचविणें, हेंच खरें राज्यकर्तव्य होय.