घाटेअळीने दाखवलेला नकाशा

अल्बर्ट हॉवर्ड 1905 साली बिहारमधल्या पुसा इथल्या सरकारी कृषी संशोधन संस्थेत रुजू झाले, तेव्हा पिकांच्या रोगांचे तज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव झालेले होते. त्याआधी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी उसाच्या रोगांवर काम केले होते. तिथे एक गोष्ट त्यांना सलत राहिली. शेतकऱ्याला उपाय सांगायचा, पण तो आधी स्वतः करून पाहायला हाताशी जमीनच नाही. पुसाला त्यांनी ती मिळवली.

आसपासच्या गावांतली पिके फवारणीशिवाय बरीचशी निरोगी दिसत होती. हॉवर्ड यांनी तिथले शेतकरी आणि पिकांवरची कीड, दोघांनाही आपले गुरू मानले. कीड मारायची घाई करायची नाही. ती कुठे येते आणि कुठे येत नाही, हे बघायचे. त्यांच्या बैलांनी शेजारच्या लाळ्या-खुरकुताने आजारी गुरांच्या नाकाला नाक लावले, तरी ते आजारी पडले नाहीत. चांगल्या जमिनीतला चारा हे त्याचे कारण, असे हॉवर्ड यांचे मत होते. एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही, पण त्यांच्या विचाराची दिशा कळते.

1924 मध्ये ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल, त्याही वनस्पतिशास्त्रज्ञ, इंदूरला आले. होळकर दरबारने दिलेल्या जमिनीवर नवी संस्था उभी राहिली. तिथल्या काळ्या रानात एकदा जुलैच्या पावसात एका शेताच्या काही भागात पाणी तुंबले. तुंबलेल्या जागेचा नकाशा तेव्हाच काढून ठेवला होता. पुढे त्याच शेतात हरभरा पेरला. महिनाभरात घाटेअळी पडली, ती नेमकी नकाशातल्या त्या भागावर. बाकीचा हरभरा सुखरूप राहिला. बी तेच, पेरणी तीच. फरक होता तो पाण्याखाली गुदमरलेल्या मातीचा.

माती निरोगी तर पीक निरोगी, याच विचारातून इंदूरचे कंपोस्ट आले. पालापाचोळा, धसकटे, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपायचे, ठरावीक दिवसांनी ढीग पालटायचा. तीन महिन्यांत खत तयार. ही पद्धत जगापुढे मांडणारे पुस्तक 1931 मध्ये निघाले. त्यावर हॉवर्ड यांच्याबरोबर त्यांचे इंदूरचे सहकारी यशवंत वाड यांचेही नाव आहे. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचे नाव पानोपानी येते. वाड यांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. हे योग्य नाही.

निवृत्तीनंतर 1934 मध्ये हॉवर्ड यांनी लंडनजवळ ब्लॅकहीथला घर घेतले. परसबागेची माती पार थकलेली, सफरचंदाच्या झाडांवर लोकरी मावा माजलेला. त्यांनी फवारणी केली नाही. कंपोस्ट घालत राहिले. तीन-एक वर्षांत कीड ओसरली. 1940 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट’ने हा विचार इंग्लंडभर नेला. भाड्याच्या वाफ्यांवर सेंद्रिय भाजी पिकवणाऱ्यांच्या हातीही तो लागला. मावा दिसला की औषधाची बाटली उचलण्याआधी मातीत हात घालून बघायचे, ही सवय तिथे अजून टिकून आहे.

बटाट्याच्या करप्यापुढे मात्र हा विचार तोकडा पडतो. 1845 पासून आयर्लंडमध्ये ज्या करप्याने बटाटा कुजवून दुष्काळ आणला, तो उबदार, ओलसर हवेत वाऱ्यावरून येतो आणि भरपूर कंपोस्ट घातलेल्या वाफ्यातली तजेलदार झाडेही काळी पाडतो. म्हणून इंग्लंडमधले सेंद्रिय भाजी पिकवणारे लवकर येणारी जात लावून करपा येण्याआधी बटाटा काढून घेतात, किंवा ‘सार्पो मिरा’सारखी करप्याला दाद न देणारी जात निवडतात. तरीही पानांवर डाग पसरू लागले, तर पाला जमिनीलगत कापून वाफ्याबाहेर नेतात. बटाटे दोन-तीन आठवडे मातीतच ठेवतात, म्हणजे साल घट्ट होते आणि खणताना वर पडलेल्या बीजाणूंची लागण होण्याची भीती कमी राहते.